फौजीबाबाच्या टोपीतला नंबर

मंगेशनं टोपी हातात घेतली अन् पयले उलटीच केली. बाहेरून तं कोनीबी पाहाते. त्याले आतलं पाहाचं होतं.

आत काहीच नोहोतं! ना घामाचा डाग, ना एक अक्षर. साबणाचा वास, अन् टोपी पापडावानी कडक.

"आजी, हे काय केलं?"

"धुतली ना बापा," खाटेवर बसलेली फौजीबाबाची बायको रंभाबाई खुशीत बोलली. "काल तुहा फोन आला. म्हटलं, पोरगा लाखनीवरून एकोडीले येऊन राहिला, मळकी टोपी कशी द्याची? दोनदा घासली. भाताची पेज लावली. इस्त्री ह्या सुनेनं केली, डिंपलनं."

मंगेशले रडाचंच बाकी होतं. जुन्या फौजींच्या अकरा टोप्या आहेत त्याच्यापाशी, अन् अकराच्या अकरात शाईनं लिहिलेला नंबर अन् नाव. ते नसलं तं टोपी कोनाची, कसं समजन? तशी टोपी तो ठेवतच नाही.

"सारं पुसलं जी. बाबाचं नाव तरी सांगा."

रंभाबाईनं जीभ चावली. "मालकाचं नाव मी कशी घेऊ?"

त्यानं डिंपलकडं पाह्यलं.

"मले कायले विचारता? सासरे होते ते माहे! अन् गाव तं त्याइले फौजीबाबाच म्हने."

मंगेशनं टोपी खाटेवर ठेवली. "राहू द्या मंग, आजी." तो दारापर्यंत गेलाबी.

"नंबर सांगू का?"

तो गर्रकन वळला.

"नऊ चार एक, तीन सात सात दोन." एका दमात! शाळेतल्या पोरीवानी.

"तुमाले पाठ आहे?"

"मंग! पोस्टमन दारात विचारे, कोनाची चिठ्ठी पाह्यजे बाई? नाव तं घेता येत नोहोतं. नंबर सांगो. सुट्टीवर घरी आले तरी तेच. चुलीपासून आवाज देवो, सात सात दोन, ताट वाढलं!"

डिंपल हसता हसता खालीच बसली. "अव्वा! अन् ते येत?"

"येत नाही तं! 'हाजिर' म्हनत येत."

मंगेशनं खिशातला पेन काढला. टोपी मांडीवर धरली, अन् आतल्या पट्टीवर एकेक आकडा जपून लिहिला. नावाची जागा कोरी सोडली.

"पाहा आजी, बरोबर आहे?"

रंभाबाईले वाचता येत नोहोतं, आकडे तेवढे येत. तिनं टोपी डोळ्याजवळ नेली. एकेका आकड्यावर बोट ठेवत गेली. "नऊ... चार... एक..." शेवटच्या दोनवर बोट थांबलं.

मंगेशनं टोपीसाठी हात पुढं केला.

मालक समोर आल्यावानी रंभाबाईनं पदर डोक्यावर घेतला, अन् टोपी तशीच दोन्ही हातात धरून ती खाटेवरून उठून उभी झाली.