मागे कोण बघणार

"पीछे कौन देखेगा?" दोह्यात मोटारसायकलच्या लायसनची परीक्षा घेणाऱ्या पोलिसाने अश्फाकच्या हेल्मेटवर बोटाने टकटक केली.

अश्फाकने हेल्मेट काढलं आणि खरं तेच सांगितलं. "बीवी देखती है, सर."

पोलीस हसला. रांगेतले उमेदवारही हसले. आणि अश्फाक दुसऱ्यांदा नापास झाला.

खोटं त्यात काही नव्हतं. गुहागरकडच्या त्याच्या गावात लग्न झाल्यापासून त्याची जुनी एम-एटी दुचाकी दोघं मिळून चालवत. हँडल अश्फाककडे, मागचा रस्ता तय्यबाकडे. आरसे कधीच फुटले होते आणि नवे बसवायची कुणाला गरज वाटली नव्हती. मागून एसटी आली की तय्यबा सांगायची, "जरा थांबा, येष्टी जाऊ दे." वळायचं असलं की हातही तीच बाहेर काढायची. अश्फाकची मान कधी वळलीच नाही. जित्याची खोड ती, माणूस विमानात बसला म्हणून गावी थोडीच राहते?

पण आता गंमत राहिली नव्हती. अश्फाक काम करायचा ते कंपनीचं गोदाम शहराबाहेर दूर बिरकत अल अवामेरला हलणार होतं. कामगारांची सोय तिथल्याच कॅम्पात, आणि कॅम्पात बायकांना जागा नाही. मॅनेजर संजीव साहेब पुण्याचे, माणूस भला. ते म्हणाले होते, "ऑफिसची कागदपत्रं पोचवायला मला मोटारसायकलवाला हवाय. तेवढं लायसन काढ, तू दोह्यातच राहशील. पण या खेपेला नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." म्हणजे लायसन मिळालं तर शहरातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतली खोली, तय्यबाच्या हातचं जेवण आणि संसार. नाही मिळालं तर तो कॅम्पात आणि ती गुहागरला.

शुक्रवारी सकाळी खालच्या दुकानातल्या शफीकची मोटारसायकल मागून दोघं इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गेली. तय्यबा मागे बसली.

"आज मी काय बोलनार नाय," तिने बजावलं. "मान तुमी वळवायची."

पहिलं वळण येईपर्यंत तिने दम धरला. मग तिच्याच्याने राहवेना. तिने नवऱ्याच्या बरगडीत बोट खुपसलं. अश्फाकने मान न वळवताच गाडी वळवली. तय्यबा वैतागून खाली उतरली आणि भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. आता अश्फाक एकटा फिरू लागला आणि मागे बघायचं साफ विसरला. ती असली की बघायची गरज नाही, नसली की आठवण नाही. असा सगळा घोळ.

शेवटी त्याने गाडी तिच्यापुढे आणून बंद केली. चेहरा पार उतरला होता.

"मागं कोन नाय," तो म्हणाला, "तर बगू कुना?"

 तय्यबा माती झटकत उठली आणि पुन्हा गाडीवर मागे बसली.

परीक्षेच्या दिवशी ती हट्टाने बरोबर आली. गावाहून आणलेली फुलाफुलांची छत्रीही आणली. वाळवंटात छत्री घेऊन आली म्हणून शेजारणी तिला हसत, पण उन्हालाही छत्री लागते हे त्यांना कोण सांगणार? अश्फाक मैदानाच्या जाळीच्या आत गेला, ती बाहेर उभी राहिली.

"घरी जा," तो म्हणाला. "ऊन लागल."

"तुमी जावा," ती म्हणाली. "यल्ला, निगा लवकर."

पोलिसाने इशारा केला. अश्फाकने गाडी सुरू केली आणि त्याला वाटलं, ही गेली की काय घरी? त्याने मान वळवली. छत्री होती. त्याला एकदम बरं वाटलं. मैदान लहानच होतं. प्रत्येक वळणापाशी थांबायचं, पोलिसाचा हात हलला की निघायचं. पुढच्या वळणावर त्याने पुन्हा बघितलं. छत्री मागे होती. त्याच्या पुढच्या वळणावरही होती. आता मान आपली आपणच वळत होती.

शेवटच्या वळणावर त्याने बघितलं तर छत्रीच्या अलीकडून शिकाऊ उमेदवाराची एक मोटार चुकून त्याच्या अंगावरच येत होती. अश्फाकने ब्रेक दाबला, पाय टेकला, मोटार जाऊ दिली आणि मग शांतपणे वळला.

पोलिसाने कागदावर सही केली. "आज पीछे कौन देखा?"

"मैं देखा, सर." अश्फाकची छाती फुगली होती. "अकेला."

"शाबाश. खलास, जाओ."

तय्यबा फाटकाजवळच्या कट्ट्यावर छत्रीखाली बसली होती. अश्फाकने कागद तिच्यापुढे नाचवला. तिने तो डोळ्यांना लावला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"बगितलंस? कुनाची मदत नाय," अश्फाक म्हणाला. "आनि तू तरी एका जागी हुबी राहून कंटाळली नाय?"

तय्यबा वाकून पायांवरची माती झटकू लागली. तेव्हा कुठे त्याचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. एका चपलेचा अंगठा तुटला होता. काळा पायघोळ अबाया गुडघ्यापर्यंत मातीने पांढरा झाला होता. त्याने वळून मैदानाकडे बघितलं. जाळीच्या बाहेरून, मऊ मातीत, चपलांचे ठसे मैदानाला पुरा वळसा घालून फाटकापाशी आले होते.



"तुमीच म्हनलात ना," तय्यबा छत्री मिटत म्हणाली, "मागं कोन नाय, तर बगू कुना?"