पप्पांचा ज्यूस

फुगा फुटल्याचा आवाज आला तेव्हा स्वप्नाला वाटलं, ओवीचाच असेल. पण ओवी हॉलमध्ये चित्र रंगवत बसली होती आणि घरात वाढदिवसाचा एकही फुगा नव्हता.

स्वप्ना धावत बाथरूममध्ये गेली. शैलेशने पाण्याच्या मोठ्या कॅनमध्ये लावलेली बियर उतू चालली होती. कॅनच्या तोंडावर ताणून बसवलेल्या फुग्याच्या चिंध्या लोंबत होत्या आणि आतून तपकिरी फेस भसाभसा वर येत होता. वास असा, की नाकाला रुमाल लावावा. कुवेतमधल्या अब्बासियातल्या या बिल्डिंगमध्ये एका घरात कांदा चिरला तरी चार घरांना कळतो.

गुरुवारी गटारी. शैलेशच्या मित्राकडे, अभिजीतकडे सगळे जमणार. "श्रावण लागायच्या आत तयार व्हायला नको?" म्हणत शैलेशने यीस्टची आणखी एक पुडी वर सोडली होती. आधी कॅन ओवीच्या खोलीत, एसीच्या गारव्यात होता. "पोरीच्या उशाशी नको," म्हणून स्वप्नानेच हट्टाने तो इथे आणायला लावला. इथे एसी नाही. बाहेर जुलैचं ऊन.

तिने शैलेशला फोन लावला. प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. तो लॉकरमध्येच वाजत राहिला असणार.

गार करायला हवं, एवढंच तिला सुचलं. कॅन टबमध्ये ओढून तिने निळा नळ पूर्ण सोडला आणि हात भाजला तेव्हा चूक कळली. उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापून येतं. म्हणून गिझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी गार होऊ द्यायचं आणि गार पाण्यासाठी लाल नळ उघडायचा, हे ओवीला आंघोळ घालून घालून तिला पाठ झालं होतं. पण भीतीने हात थेट पुण्याच्या सवयीला पोचला. ऊब लागताच फेस दुप्पट जोराने उसळला.

"मम्मा, पप्पाज् ज्यूस इज अँग्री!" ओवी दारात उभी होती.

"लांब हो. हात लावू नकोस."

लाल नळ, फ्रीजरमधला सगळा बर्फ, वाटाण्याची पाकिटं, सगळं तिने टबात लोटलं. फेस थोडा बसला. वास बसेना. तो दाराखालून कॉरिडॉरमध्ये गेला असणार. या देशात दारूबंदी. कुणी एक फोन केला की पोलीस. मग बोटांचे ठसे, कायमची हकालपट्टी आणि थेट विमान. शैलेशची नोकरी, ओवीची शाळा, सगळं या एका कॅनपायी.

"ओवी, ऐक. कुणी विचारलं तर सांगायचं, इडलीचं पीठ सांडलं."

"बट इट्स पप्पाज् ज्यूस."

"आज इडलीचं पीठ."

मग तिने तव्यावर सुके बोंबील टाकले. वासाला वासाने मारायचं. धूर झाला, डोळे चुरचुरले, आणि बेल वाजली.

तिने दाराच्या भिंगातून पाहिलं. जहीर. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे राखणदार. लिफ्टपासून कचऱ्यापर्यंत सगळं बघणारा, आणि सगळं मालकाच्या कानावर घालणारा. न उघडावं तर आत माणसं आहेत हे धूरच सांगत होता. तिने साखळी तशीच ठेवून दार किलकिलं केलं.

"भाभी, ऊपरवाले शिकायत करते हैं. इतना बास!"

"कसला... किस चीज़ का, जहीरभाई?"

"मच्छी का! और किस का? मय्यत उठ गई क्या घर में?"

हात दाखवून अवलक्षण. तरी तिचा जीव भांड्यात पडला. "सॉरी, सॉरी. सूखी मच्छी थी. अभी बंद करती हूँ."

"खिड़की खोलो, भाभी." तो वळला आणि थांबला. नाक जरा वर करून त्याने हवा ओढली. "ये दूसरा क्या है? खट्टा-खट्टा?"

स्वप्नाने अंगाने दाराची फट अडवली.

तिच्या कमरेशी ओवी येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत तपकिरी फेस.

"इडली बॅटर," ओवी म्हणाली. "आय स्पिल्ड इट. मम्मा गॉट व्हेरी अँग्री." आणि तिने खालचा ओठ बाहेर काढला. रागवल्याचं आणि ओठाचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

जहीर हसला. "मत मारो बच्ची को, भाभी." लिफ्टचं दार बंद झाल्याचं ऐकू आलं, तरी स्वप्नाचा हात कडीवरून निघेना.

तिने ओवीला धुतलं, तिच्या तोंडाचा वास घेतला, पुन्हा घेतला. फेस चाटला नव्हता. मग ती टबाशी बसली. कॅन आता शहाण्यासारखा हळूहळू बुडबुडत होता. गुरुवारपर्यंत बियर छान तयार झाली असती.

तिने कपाटातून डेटॉलची नवी बाटली काढली आणि सगळीच्या सगळी कॅनमध्ये रिकामी केली. नंतर कॅन आडवा केला. दुधाळ पाणी जाळीतून खाली जायला लागलं. खालच्या मजल्यांवर आता फक्त डेटॉलचा वास जाणार होता, आणि डेटॉलच्या वासाची तक्रार कुणी करत नाही.

हॉलमध्ये फोन वाजला. शैलेशचा ब्रेक झाला असावा. एरवी ओवी "पप्पा!" म्हणून किंचाळत स्वतःच फोन घ्यायची. आज ती वाजणारा फोन छातीशी धरून बाथरूमच्या दारात आली, आणि आवाज अगदी बारीक करून म्हणाली,

"मम्मा, व्हॉट आर वी टेलिंग पप्पा?"