खडकाची जागा

मतदान सव्वाअकराला होतं, आणि अकरा वाजता तिचे बाबा मत्स्यखात्याच्या व्हरांड्यात नेमके त्या ट्रॉलरमालकाबरोबर चहा पीत बसले होते. दोघांची डोकी अगदी जवळ. बाबा फितले की काय, असं तिच्या मनात आलं.

समितीत पाच मतं. दोन तिच्या बाजूने, दोन विरुद्ध, पाचवं या मालकाचं. पाण्याखालच्या एका मोठ्या खडकाभोवती मासे अंडी घालतात. तिथली मासेमारी कायमची बंद करावी, हा प्रस्ताव तिने सहा वर्षं खपून उभा केला होता. आज तो पडला की उद्यापासून ट्रॉलरना रान मोकळं.

खडकाची जागा तिला बाबांनीच सांगितली होती, हेही नवलच. मासे कुठे लागतात याची त्यांनी सख्ख्या भावालाही चाळीस वर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती. बंदरावरचे सगळेच मच्छीमार तसे. कोणी विचारलं की उलटी दिशा दाखवायची, ही तिथली रीत. खात्याची पाहणीची बोट दुरुस्तीला गेली होती, ती कायम दुरुस्तीलाच असते. त्यामुळे नकाशा सगळा बाबांच्या शब्दावर काढलेला.

अध्यक्षांनी मतं मागितली. दोन हात वर गेले. मग मालकाने सावकाश तिसरा वर केला.

जिंकली. तिचा आनंद गगनात मावेना. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने फाइल टेबलावर तशीच टाकली आणि बाबांना सांगायला धावत सुटली.

दारातच मालकाने अडवलं. "अभिनंदन, मॅडम. रिकाम्या पाण्याला छान कुंपण घातलंत."

तिला काही कळेना.

"खरी जागा उत्तरेला आहे. मघाशी चहावर तुमच्या वडिलांनीच सांगितलं. तुम्हाला कामाला काहीतरी हवं होतं, म्हणून दिली म्हणाले एक जागा." सगळ्या बोटी उत्तरेला वळवा, असं फोनवर सांगत तो हसत जिना उतरला.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. सहा वर्षं, आणि तीही घरच्याच माणसाने पाण्यात घालवली.

बाबा व्हरांड्यात रिकामा कप घेऊन बसले होते. ती समोर उभी राहिली. रडू येत होतं, पण तिने विचारलंच.

"बाबा, उत्तरेला काय आहे?"

बाबांनी आधी जिन्याकडे पाहिलं. मालक गेल्याची खात्री केली.

"चिखल," ते म्हणाले.