दोराचं आतलं टोक

जेवणाची वेळ झाली तशी अंतराळवीरांच्या सरावाची शाळा रिकामी झाली. रोदिओन मात्र विसरलेली टोपी न्यायला परत फिरला. सरावासाठी केलेल्या लाकडी यानाचं दार उघडं होतं. आत त्याचा कप्तान, येफिम सावेलिच, एकटाच ओणवा बसला होता. खट्. पुन्हा खट्.

रोदिओन दबकत जवळ गेला. आठवडाभर त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. येफिम सावेलिच नजर चुकवायचा, न मागता आपल्या ताटातली खारवलेली मासळी त्याच्या ताटात सरकवायचा. फाशीच्या कैद्याला वाढावी तशी.

त्याने आत डोकावलं. वसंतात अशाच दारातून तो अंतराळात उतरणार होता, कमरेला दोर बांधून. दोराचं दुसरं टोक आत, कप्तानाच्या गुडघ्याजवळच्या कडीत. येफिम सावेलिच तीच कडी सोडवून पाहत होता.

"ही तालीम मला कुणी सांगितली नव्हती," रोदिओन म्हणाला.

येफिम सावेलिच दचकला. कडी झाकायला त्याचा हात पुढे गेला आणि तसाच राहिला.

"वरून हुकूम आहे, रोद्या. बाहेर हवा नाही. पोशाख फुगला, तू दारातून आत मावला नाहीस, तर..."

"तर दोर सोडायचा."

"आणि दार लावायचं. मध्ये दोर असला की ते लागत नाही."

"मला कधी सांगणार होतात?"

"सांगायचं नाही, हाही हुकूमच."

रोदिओन आत उतरून समोर बसला.

"करून दाखवा."

"जाऊ दे रे."

"करा म्हणतो ना. हातमोजे चढवा. तिथे काय उघड्या हातांनी करणार आहात?"

येफिम सावेलिचने पोशाखाचे जाड हातमोजे चढवले. बोटं थरथरत होती. कडी काही हाताला लागेना.

"एवढा वेळ लावलात तर दोघेही जाऊ," रोदिओन म्हणाला. "अंगठा खालून घ्या. पुन्हा."

या खेपेला ती अडकत अडकत सुटली.

"पुन्हा."

मग कडी एका झटक्यात सुटली. येफिम सावेलिचचा हात जरासुद्धा कापला नाही.

रोदिओन त्या हाताकडे बघत राहिला.

"चल, सूप गार होईल," येफिम सावेलिच म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे."

दोराचं सुटलेलं टोक त्याने मुठीत घट्ट धरलं होतं.