न झालेली चोरी

परदेशीपुऱ्यातल्या कारखान्यातून तांब्याची तार चोरल्याचा आरोप आम्हा दोघांवर होता, माझ्यावर आणि बंटीवर. काटकर वकील जेलमध्ये येऊन म्हणाले, "रजत भिया, केस तो सालों चलेगा. प्ली बार्गेनिंग, म्हणजे कोर्टाशी सौदा, करून टाक. गुन्हा कबूल कर आणि घरी जा." बायकोचे दिवस भरत आले होते. मी कबुलीवर सही केली आणि घरी आलो. बंटी मात्र अडून बसला. "जे केलंच नाही, ते कबूल कशाला करू?" त्याला शिक्षा झाली. त्याने अपील केलं.

काल वरच्या कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. तार मालकाच्याच दुसऱ्या गोदामात पडून होती. चोरी झालीच नव्हती, असं जजसाहेबांनी निकालात लिहिलं.

मी तडक काटकरांकडे गेलो. "आता माझंही अपील लावा."

"तुला अपील नाही. तू गुन्हा कबूल करून सौदा केलास."

मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. "अहो, चोरी झालीच नाही, असं कोर्टच म्हणतंय ना?"

"बरोबर आहे. चोरी झालीच नाही," काटकर शांतपणे म्हणाले. "पण ती तू केलीस."