पाच वाजता पाणी ओसरतं

वरीचे तांदूळ परतता परतता किशोरीने एका हाताने फोन उघडला. ब्लॉगवर नवी कॉमेंट होती, पाऊण तासापूर्वीची. ‘तुमचा लेख वाचूनच आलोय. साडेतीनलाच चालत खडकावर पोचलो. काय जागा आहे! आता सूर्यास्त बघूनच परतणार. आम्ही दोघं आणि दोन्ही मुलं जाम खूश.’

एरवी अशी कॉमेंट आली की ती सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवायची. या खडकाच्या लेखानेच तर ब्लॉग चालला. तोवर चार मैत्रिणी वाचायच्या. हा लेख टाकला आणि पुण्या-कोल्हापूरची माणसं नुसती तुटून पडली, जाहिराती लागल्या, खात्यात पैसे यायला लागले. गेल्या वर्षी सासऱ्यांचा मोतीबिंदू त्यातूनच निघाला.

आज मात्र तिची नजर कढईवर अडली. वरीचे तांदूळ. सासूबाईंचा उपास. म्हणजे एकादशी. म्हणजे आज ओहोटी पाचला नाही.

लेखासाठी ती खडकावर गेली होती ती अमावास्येला. त्या दिवशी पाचला समुद्र असा मागे हटला होता की चप्पलसुद्धा भिजली नाही. सासरे, सत्यवान, तेव्हाच म्हणाले होते, “पाणी घड्याळ बघून येणा नाय, गो. तिथी घाल.” सगळा जन्म होडीत गेलेला माणूस, उगाच बोलणारा नव्हे. पण हिने उलट त्यांनाच समजावलं की पुण्याच्या माणसांना तिथ्या कोण सांगत बसणार, आणि ठोकून दिलं: ‘पाच वाजता पाणी ओसरतं. सूर्यास्त होईपर्यंत निवांत बसा.’ घरातला उपास तिथी बघून, आणि समुद्र तेवढा घड्याळावर. काय म्हणावं या शहाणपणाला!

गॅस बंद करून ती पडवीत आली. सत्यवान सुपारी कातरत बसले होते. आज ओहोटी कधी होती, असं तिने विचारलं.

“दोनाक. आता पाणी चढता. आठाक पुरी भरती,” ते म्हणाले आणि मग त्यांनी तिचं तोंड बघितलं. “थंय कोण आसा?”

चौघं आहेत, त्यात दोन मुलं, एवढंच तिला सांगता आलं. अडकित्ता तिथेच टाकून सत्यवान उठले आणि होडी काढायला शेजारच्या बाळा खलाशाला हाका मारत खाली उतरलेसुद्धा. भरतीला त्या खडकाचा माथाही दिसत नाही, हे त्या वाडीत कुणाला सांगावं लागत नाही.

किशोरीने कॉमेंटखाली लिहिलं, ‘आत्ताच्या आत्ता परत फिरा.’ उत्तर आलं नाही. तिच्याकडे त्यांचा नंबर नव्हता. सुरूच्या बनातून ती धावत सुटली.

किनाऱ्यावर आली तर वाट कुठली नि काय. खडकापर्यंत सगळं पाणीच पाणी. तिने खडकावरची माणसं मोजली. तीन. पुन्हा मोजली, पुन्हा तीनच. मग बापाच्या पाठीमागून एक लहानगी उठून उभी राहिली, तेव्हा कुठे चार भरली.

आणि ती माणसं हात हलवत होती. मजेत. किनाऱ्यावरची बाई आपल्यालाच हात करतेय असं वाटून मुलं उड्या मारत होती, बाप सत्यवानांच्या होडीचे फोटो काढत होता. किशोरी घसा फुटेस्तोवर ओरडली. लाटांत काही ऐकू जाईना.

खडकाला होडी टेकवता येईना. मग सत्यवान पाण्यात उतरले. छातीपर्यंत पाणी, सत्तरीचं वय, आणि डोक्यावर एकेक मूल धरून ते होडीकडे सरकत होते. किनाऱ्यावर किशोरी आता चारऐवजी पाच डोकी मोजत होती.

सगळी सुखरूप आली. वाळूवर पाय टेकल्यावर बापाने मागे वळून बघितलं, तेव्हा खडक अर्धा उरला होता. त्याचा चेहरा उतरला. ब्लॉगवर पाचची वेळ दिली होती, तो पुनःपुन्हा सांगत राहिला, कुणी इथल्याच माणसाने लिहिलेलं दिसतं म्हणून विश्वास ठेवला.

गप्प राहता आलं असतं.

“मीच लिहिलंय ते,” ती म्हणाली.

मुलांची आई तिच्याकडे बघत राहिली. लहानगीला तिने जवळ ओढलं आणि गाडीकडे चालू लागली. शिव्या दिल्या असत्या तर किशोरीला बरं वाटलं असतं.

ती तिथेच वाळूत बसली आणि लेख काढून टाकला. महिन्याचे पैसे गेले तर गेले. सत्यवान ओल्या कपड्यांनी शेजारी येऊन बसले.

“पुसलंस?”

तिने मान हलवली. खात्री करावी म्हणून खडकाचं नाव टाकून शोधलं, तर लेख समोर हजर. साइट दुसऱ्याच कुणाची, फोटो तिचाच, वाक्यं तिचीच. ‘पाच वाजता पाणी ओसरतं.’ खाली आणखी एक साइट, त्याच्याखाली आणखी एक. कधी उचलला होता कोण जाणे. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही.

पुसलेलं परत कसं आलं, हे सत्यवानांना काही केल्या कळेना.

“उद्या तीनाक मी हंय येऊन बसतंय, आबा,” ती म्हणाली. “येतली तेंका आडवतंय.”

“किती दिस बसतलंस?”

तिने पहिल्या साइटवरचा तो उचललेला लेख उघडला. त्या लेखाच्या तळाशी वाचकांचा आकडा होता. ती बघत असतानाच तो एकाने वाढला.