घरची अंडी

थोआने दोन उकडलेली अंडी सोलून डब्यात ठेवली, सोबत मीठ-मिऱ्याची पुडी दिली आणि डबा सुनेच्या हातात दिला.

"गार व्हायच्या आत खा. घरची आहेत."

"हो, मा," मिएन म्हणाली.

बिएन होआ शहरात तेव्हा अजून मोकळी अंगणं होती. थोआच्या अंगणात पपईखाली कोंबड्या दिवसभर माती उकरत. शेजारणी त्यांच्या अंड्यांवर डोळा ठेवून असत. पोटुशी बाई असलेल्या घरातून अंडी मागायची नाहीत एवढी लाज मात्र सगळ्यांना होती.

गल्लीच्या टोकाला विमानतळाची भिंत होती. लढाईच्या काळात तिच्यापलीकडे विषाची पिंपं रचलेली असत. जंगलं वाळवायला अमेरिकन ती विमानात भरून नेत. पिंपं गेली, माणसंही गेली. गळलेलं होतं ते मातीत राहिलं. पावसाचं पाणी त्या मातीवरून वाहत तळ्यात उतरे, आणि पाणी वाढलं की लोकांच्या अंगणांत. तळ्याकाठी मासे धरू नयेत अशी पाटी लागली होती. तिच्याखाली बसून म्हातारे गळ टाकत.

बसथांब्यापाशी मिएनने इकडेतिकडे पाहिलं, डबा उघडला आणि अंडी कचऱ्याच्या पिंपात टाकली. पुडी तिने ठेवली. मीठ टाकवेना.

दवाखान्यातल्या नर्सने तिला बसवून सगळं समजावलं होतं. त्या विषातलं डायऑक्सिन मातीला चिकटतं, माती टिपणाऱ्या कोंबडीत जातं, तिच्यातून अंड्याच्या बलकात. उकळून जात नाही. बाईच्या अंगात साठून राहतं, पोटातल्या बाळाला पोचतं आणि पुढे दुधातूनही. पिंजऱ्यातल्या, विकतच्या खाद्यावरच्या कोंबड्यांची अंडी चालतील, अंगणातली नकोत. आधीची दोन बाळं त्यामुळेच गेली का, असं मिएनने विचारलं. ते कुणालाच सांगता येणार नाही, असं नर्स म्हणाली.

खांगला, म्हणजे नवऱ्याला, तिने त्या दिवशी सांगितलं. आईला सांगू या का, असं दोघांनी एकमेकांना विचारलं, पण कुणाचाच धीर झाला नाही. खांगचा थोरला भाऊ जन्मापासून मान धरत नव्हता. थोआने त्याला मरेपर्यंत मांडीवर वाढवलं होतं, आणि याच अंगणातल्या अंड्यांची पेज भरवली होती. अंड्यांबद्दल तिला सांगणं म्हणजे त्या पोराबद्दल सांगणं.

म्हणून मिएन रोज डबा घेई, रिकामा करी आणि बाजाराच्या कोपऱ्यावर लुआ मावशीच्या गाड्यावर बसे. गाड्याच्या पुढ्यात मोठ्या फार्मच्या तपकिरी अंड्यांचे ट्रे रचलेले असत. ते पाहूनच तिने हा गाडा निवडला होता. नारळपाण्यात आणि फिश सॉसमध्ये शिजून गडद झालेली अंडी भातावर घालून लुआ तिच्यापुढे वाटी ठेवी.

लुआ थोआची बालमैत्रीण, तोंडाची फटकळ. सासू घरी उपाशी ठेवते काय, असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं. मिएन गडबडली. बाळ फार खायला मागतंय, मांना सांगू नका, असं तिने कसंबसं म्हटलं. लुआने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"नाही सांगत," ती म्हणाली. "तू रोज इथेच येत जा."

मिएन शेवटच्या महिन्यापर्यंत रोज गेली.

मुलगी झाली. दणदणीत रडली आणि मानही वेळेवर सावरू लागली. शंभर दिवस भरले तेव्हा थोआने आल्याच्या पाकात तांदळाचे गोळे शिजवले आणि बारा सुईणदेवतांपुढे वाट्या मांडल्या. उदबत्त्या लावल्यावर ती तिथेच बसून राहिली. रडत होती.

"मिएन, तुला मी फसवलं," ती म्हणाली. "घरची म्हणून जी दिली, ती घरची नव्हती. वॉर्डाच्या सूचनांच्या भोंग्यावर अंगणातल्या अंड्यांचं ऐकलं तेव्हाच मला कळलं. थोरल्याचंही कळलं. तुला सांगितलं असतं तर धास्तीने तुझी झोप गेली असती. म्हणून आपली अंडी लुआला द्यायची आणि बदल्यात फार्मची आणायची. तपकिरी टरफल दिसू नये म्हणून सोलून द्यायची."

 मिएनला हसू फुटलं आणि रडूही. तिने कचऱ्याच्या पिंपाचं सांगितलं.

"इतकी चांगली अंडी," थोआ म्हणाली आणि बाहीने डोळे पुसत हसू लागली. खांग दारात उभा राहून दोघींकडे पाहत होता. कितीतरी वर्षांनी त्या घरात थोरल्याचं नाव न अडखळता घेतलं गेलं.

"पण मा, लुआ मावशींना कारण सांगितलंत?"

थोआने नकारार्थी मान हलवली. लाज वाटली होती. लुआ एकटी, म्हातारी. आता आपल्याला काय व्हायचंय, असं मनाशी म्हणून ती अंडी देत राहिली होती. आज तिला सगळं सांगून माफी मागायची, असं तिने ठरवलं होतं.

लुआ आली ती बाळासाठी चांदीचं कडं घेऊन. मिएन बाळाला पाजत बसली होती. लुआने बाळाची गुटगुटीत मांडी दाबून पाहिली आणि थोआकडे वळली.

"लुआ, त्या अंड्यांबद्दल तुझ्याशी बोलायचंय," थोआ म्हणाली.

"आधी मी बोलते. पोटुशी सून घरात, आणि तू चार अंडी जास्त मिळावीत म्हणून घरची माझ्याकडे टाकून तिला फार्मची चारत होतीस. इतकी चिक्कू कधी झालीस गं?" लुआने मिएनच्या डोक्यावरून हात फिरवला. "पण मी तुझं एकही अंडं तोंडाला लावलं नाही, थोआ. सगळी वेगळी शिजवून हिच्याच वाटीत घातली."